आभाळ कोणत्या नक्षत्रातलं?

मृगाच्या आधी चार-आठ दिवस बार्शी तालुक्यात काळं आभाळ चढायला लागलं की माणसं घराबाहेर येऊन उभी राहतात. पारावरची बोलणी थांबतात, बियाण्याच्या दुकानांकडे पावलं वळतात, लेकरं अंगणात नाचायला लागतात. तेच आभाळ, तितकंच काळं, फेब्रुवारीत आलं तर त्याच माणसांच्या तोंडचं पाणी पळतं. शाळूची कणसं भरलेली असतात, ताटं आडवी व्हायला एक जोराचा वारा पुरतो. वैराग-नान्नज पट्ट्यातल्या द्राक्षबागांत मणी साखर धरत असतो आणि त्या मण्यावर पडलेला एक सडा वर्षाचा हिशोब बिघडवून जातो. ढग एकाच रंगाचा, जमीन तीच, बघणारे डोळेही तेच. मनात उठतं ते मात्र एका वेळी उधाण आणि दुसऱ्या वेळी धास्ती.

निसर्गचित्रातला भाव कसा ओळखायचा, हा प्रश्न मला नेहमी या दोन आभाळांपासून सुरू झालेला दिसतो. कारण चित्राबद्दल बोलताना आपण सहसा दोनच वाटा धरतो. एक वाट रंगांच्या कोष्टकाची: निळा म्हणजे शांती, लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख. दुसरी वाट चित्रकाराच्या चरित्राची: तो दुःखी होता, म्हणून त्याचं आभाळ दुःखी. पहिल्या वाटेनं गेलं तर जूनचं आभाळ आणि फेब्रुवारीचं आभाळ एकच ठरतं. दुसऱ्या वाटेनं गेलं तर चित्र बघायची गरजच उरत नाही, चरित्र वाचलं की काम झालं. चित्रापुढे उभं राहिल्यावर आधी विचारावं ते साधं आहे: हे आभाळ कोणत्या नक्षत्रातलं? दिवस कुठवर आलाय? पीक कोणत्या अवस्थेत आहे, आणि ही जमीन कुणाच्या पोटाशी बांधलेली आहे? त्यानंतर विचारावं, रंगानं आणि कुंचल्यानं या सगळ्याचं काय केलं?

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या परंपरेत रसाची कारणं म्हणजे विभाव, आणि त्यांचे पुढे दोन भाग केले गेले. ज्याच्यामुळे भाव उपजतो तो आलंबन विभाव, आणि जो त्या भावाला फुंकर घालतो तो उद्दीपन विभाव. चांदणं, मेघ, वसंतातला वारा, नदीचा काठ ही सगळी उद्दीपनं. म्हणजे निसर्गाच्या अंगी भाव आपोआप चिकटलेला नसतो, तो कुणाच्या तरी अवस्थेला पेटवतो. घरी परतणाऱ्याला मेघ सुखाचा, वाट बघत बसलेल्या बाईला तोच मेघ जीवघेणा. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत प्रवासाला गेलेला नवरा आणि वर जमणारे ढग यांचं नातं पुन्हा पुन्हा येतं. सातवाहनांचा राजा हाल याच्या नावावर असलेला तो संग्रह याच दख्खनच्या मातीतला, गोदेकाठच्या शेताशिवारांतला आहे. तिथे कुठलंही दृश्य नुसतं दृश्य म्हणून येत नाही, त्यात कुणीतरी कशाचीतरी वाट बघत असतं.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात तर चित्रकाराला थेट सूचनाच आहेत. उन्हाळा दाखवायचा तर थकली माणसं, सावलीला गेलेली जनावरं, चिखलात बसलेल्या म्हशी आणि आटलेलं पाणी दाखव. पावसाळा दाखवायचा तर वाकलेले ढग, वीज, इंद्रधनुष्य. पहाट झाली हे दिव्यांची ज्योत मंदावण्यावरून कळावं, रात्र झाली हे झोपलेल्या माणसांवरून आणि हिंडणाऱ्या चोरांवरून. ऋतू ओळखू यावा म्हणून केवळ आभाळ रंगवून भागत नाही, त्या ऋतूत जगणारा जीव काय करतो ते यायला हवं, असं हा ग्रंथ मानतो. आणि लाटा, ज्वाळा, धूर, वाऱ्यावर फडफडणारी पताका ज्याला वाऱ्याच्या गतीसकट काढता येते तोच खरा चित्रकार, असंही तो म्हणतो. निसर्गातला भाव गतीत असतो हे ओळखणारा हा विचार मला आजही अगदी ताजा वाटतो.

बार्शीपासून जवळच परंड्याचा किल्ला आहे. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीनं काही काळ आपली राजधानी तिथे हलवली होती. या निजामशाहीच्या आश्रयानं सोळाव्या शतकात चित्रकला बहरली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी त्याच काळातली, साधारण १५६५ची. तिच्यात एक चित्र दोहदाचं आहे: बाईच्या स्पर्शानं झाड फुलतं, ही जुनी भारतीय कल्पना. दख्खनमध्ये त्याच शतकाच्या अखेरीस रागमाला रंगवल्या गेल्या. रागाला चेहरा द्यायचा, आणि चेहऱ्याबरोबर वेळ, ऋतू, झाडं, पक्षी द्यायचे. मेघाचा राग ढगांखाली, तोडी हरणांमध्ये, ककुभा मोरांमध्ये एकटी. भाव, प्रहर आणि ऋतू यांची सांगड इतकी पक्की की एक ओळखला की बाकीचे दोन हाती लागावेत. आपल्या शेजारच्या मुलखात ही नजर चारशे वर्षांपूर्वी तयार होती, हे मुद्दाम आठवण्यासारखं आहे.

पुढे इंग्रजी अमदानीत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आलं, १८५७ साली. तिथं समोर दिसतं ते हुबेहूब उतरवायची शिस्त आली. राग आणि ऋतूची जुनी सांगड सुटली, पण तिच्या जागी एक नवी गोष्ट मिळाली: उजेड. आणि हा उजेड महाराष्ट्रात सगळ्यात हळुवारपणे कुणी हाताळला असेल तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी. जे. जे.मध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला, आणि त्यांनी आयुष्यभर कोटितीर्थाचा आणि रंकाळ्याचा परिसर रंगवला. १९३१ साली ते गेले. विषय काय, तर तलावाचं पाणी, काठावरची झाडं, एखादं देऊळ, रंकाळ्यातला संध्यामठ. आकार बहुतेक वेळा लहान. रंगाचे छोटे छोटे ठिपके आणि फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे, आणि लांबून बघितलं की त्यांचं धुकं व्हायचं.

आबालाल यांच्याबद्दल आख्यायिका पुष्कळ. एकांतात राहणारा अवलिया अशीच त्यांची प्रतिमा आहे, आणि त्यांची चित्रं बघणारे लोक त्या प्रतिमेवरूनच चित्रांत उदासी शोधतात. मला तसं वाटत नाही. त्यांच्या पाण्याकडे नीट बघावं. झाडाची कड कुठे संपते आणि तिचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं, ही रेघ ते ठामपणे ओढत नाहीत. कडा विरघळलेल्या असतात. कड विरघळली की डोळ्याला थांबायला जागा मिळत नाही, तो हळूहळू सरकत राहतो, आणि त्या सरकण्यात जी निवांत वेळ जाते तीच त्या चित्रांचा भाव. त्याला उदास म्हणायचं कारण नाही. सकाळी तलावावर अंघोळीला आलेला माणूस जसा काही न बोलता पाण्याकडे बघत राहतो, तशी ही स्वस्थता आहे. कोल्हापूर हे पाण्याचं गाव. तिथल्या माणसाला पाणी दिसणं ही रोजची गोष्ट. बार्शीकराला मात्र भरलेला तलाव दिसला की आधी हायसं वाटतं. म्हणून आबालालांचं तेच चित्र आपल्याकडे थोडं जास्त आनंदाचं होऊन पोहोचतं, असा माझा अंदाज आहे, आणि यात चित्रावर काही अन्याय होतो असं मला वाटत नाही.

आता जरा लांब जाऊ. इंग्लंडमधला जॉन कॉन्स्टेबल हा धान्याच्या व्यापाऱ्याचा आणि गिरणीवाल्याचा मुलगा. बार्शीसारख्या अडतीच्या गावाला त्याची ओळख पटायला वेळ लागू नये. बापाच्या पवनचक्क्या वाऱ्यावर चालायच्या, त्यामुळे आभाळ वाचणं हे त्याच्या घरातलं कामच होतं. १८२१-२२ या दोन वर्षांत त्यानं लंडनजवळच्या हॅम्पस्टेड इथे नुसत्या ढगांची कितीतरी छोटी तैलचित्रं काढली. त्यांतल्या कित्येक चित्रांच्या मागे त्यानं तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली आहे. निसर्गचित्रात भावना वाहून नेणारा मुख्य अवयव आभाळ आहे, अशा अर्थाचं त्यानं एका मित्राला लिहिलं होतं. भावनेबद्दल इतकं ठाम बोलणारा माणूस वाऱ्याची नोंद ठेवतो, यात मला काहीच विसंगत दिसत नाही. आभाळाचा भाव हवा असेल तर आधी ते कोणत्या वेळचं आभाळ हे माहीत पाहिजे. दुपारी तीनचा ढग आणि सकाळी आठचा ढग यांच्या पोटातला उजेड वेगळा असतो.

आणि आता ते चित्र, ज्याच्यावर जगात सगळ्यात जास्त भाव लादले गेले. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानं जुलै १८९०मध्ये फ्रान्समधल्या ओव्हेर या गावी काढलेलं ‘गव्हाचं शेत आणि कावळे’. उंची साधारण ५० सेंटीमीटर, रुंदी १०० सेंटीमीटरच्या किंचित वर, म्हणजे उंचीच्या दुप्पट. सध्या ते ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. हे त्याचं शेवटचं चित्र, यातल्या वाटा कुठेच जात नाहीत, कावळे म्हणजे मरण, असं सर्रास सांगितलं जातं. १९५६च्या ‘लस्ट फॉर लाइफ’ या सिनेमानं हे चित्र आणि त्याचा मृत्यू एकत्र बांधून टाकले, आणि तेव्हापासून ती गाठ सुटत नाही. वास्तविक त्यानंतरही त्यानं चित्रं काढली. २७ जुलैला त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ला तो गेला. शेवटचं म्हणून आज अभ्यासक ज्याच्याकडे बोट दाखवतात ते चित्र झाडांच्या मुळांचं आहे.

मग हे चित्र बघायचं कसं? जवळ जाऊ. वरचा भाग गडद निळा, जवळजवळ काळा, आणि त्यात दोन फिकट, पांढुरके निळे भोवरे. खाली पिवळा, नारिंगीकडे झुकणारा गहू. मधून तांबूस मातीची वाट, तिच्या दोन्ही अंगाला हिरवं गवत. आणखी दोन वाटा डाव्या-उजव्या कडेला फुटलेल्या. निळ्याविरुद्ध नारिंगी-पिवळा, हिरव्याविरुद्ध तांबडा. बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले होते. त्यांतल्या विरोधाचं इतकं नागडं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. दोन्ही जोड्या पूर्ण ताकदीनं एकमेकांसमोर उभ्या आहेत, मधे कुठेही करडा रंग मध्यस्थी करत नाही. आणि फटकारे बघा. गव्हाचे फटकारे आडवे-तिरपे, घाईचे, एकाच दिशेला न झुकणारे. आभाळाचे फटकारे जाड, वरून खाली दाबणारे. वाट खालच्या कडेला रुंद आहे आणि गव्हात शिरता शिरता वळून नाहीशी होते. डोळा वाटेनं आत जातो, अडतो, परत येतो. अस्वस्थता येते ती इथून, या अडण्यातून. कावळे काढून टाकले तरी ती राहील.

कावळे येतायत की जातायत तेही कळत नाही. काळ्या रंगाच्या दोन-दोन फटकाऱ्यांचे ते पक्षी आहेत. युरोपात कावळा अपशकुनी. आपल्याकडे तो पितरांचा आहे आणि पाहुण्यांची वर्दी देणाराही आहे. तेव्हा कावळ्यावरून मरणाचा अर्थ काढणारा मराठी माणूस अर्धंच चित्र वाचतो.

पण मला वाटतं, सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी या चित्रापुढे उभा राहिला तर त्याला सगळ्यात आधी एक गोष्ट दिसेल, जी पुस्तकांत फार कमी वेळा लिहिलेली असते. पीक तयार आहे. सुगी तोंडावर आहे. आणि आभाळ आलंय. वारा सुटलाय, गहू लोळायच्या बेतात आहे. त्याच्या छातीत जे धस्स होईल ते एकाकीपणाचं नव्हे. आठवडाभर वेळ मिळायला हवा होता, याचं आहे. हा अर्थ आपण बाहेरून आणून चिकटवलेला नाही. ओव्हेरलाही जुलै म्हणजे गहू कापणीचाच महिना. व्हॅन गॉगनं ऐन उमेदीची वर्षं शेतकऱ्यांमध्ये काढली होती. १८८५चं ‘बटाटे खाणारी माणसं’ त्याच जगण्यातून आलं. पेरणारा आणि कापणारा या दोन माणसांनी त्याची पाठ कधी सोडली नाही. १८८९ साली कापणाऱ्या माणसाचं चित्र काढताना त्यानं भावाला कळवलं होतं की या माणसात आपल्याला मरणाची प्रतिमा दिसते, पण या मरणात दुःख नाही, ते भर उन्हात सोन्यासारख्या उजेडात घडतंय. पिकल्या पिवळ्याचा त्याच्या लेखी हा अर्थ होता: आयुष्य पुरं होणं. त्यावर आलेलं वादळ म्हणजे पुरं होता होता हातचं जाणं.

स्वतः त्यानं जुलै १८९०च्या पत्रात या मोठ्या शेतांच्या चित्रांबद्दल दोन्ही गोष्टी एकाच दमात लिहिल्या. खळबळलेल्या आभाळाखालची ही शेतं काढताना दुःख आणि टोकाचा एकाकीपणा व्यक्त करायचा आपण मुद्दाम प्रयत्न केला, असं तो म्हणतो. आणि शब्दांत जे सांगता येत नाही ते, म्हणजे खेड्यातलं निरोगी आणि बळ देणारं असं जे काही आपल्याला दिसतं ते ही चित्रं सांगतील, असंही म्हणतो. लोक पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं सोडतात. चित्रात मात्र दोन्ही आहे. निळा जितका दाबतो तितका पिवळा उसळतो. या चित्राला मी दुःखाचं चित्र म्हणणार नाही. हे कसोटीच्या क्षणाचं चित्र आहे, आणि निकाल लागलेला नाही.

इथे एक गोष्ट विसरायची नाही. रंग टिकत नाहीत. व्हॅन गॉग वापरत असलेले काही तांबडे रंग उजेडानं विटतात. त्यानं मे १८९०मध्ये काढलेली गुलाबी गुलाबांची चित्रं आज पांढऱ्या गुलाबांची दिसतात. त्याचा आवडता क्रोम पिवळाही उजेडानं तपकिरीकडे झुकतो. म्हणजे आपण ज्याला हळवा फिकटपणा म्हणून डोळे भरून बघतो, तो कधी कधी नुसतं रसायन असतं. आणि आपण तर बहुतेक वेळा चित्रं कॅलेंडरवर नाही तर मोबाइलच्या पडद्यावर बघतो. तिथे पाच फूट रुंद आणि पाच इंच रुंद चित्र एकाच आकाराचं होतं, रंगाचा थर सपाट होतो. भाव सांगण्याआधी आपण मूळ चित्र बघतोय की त्याची सावली, इतकं तरी मनाशी ठरवलेलं बरं.

ओव्हेरच्या त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, पॅरिसजवळच्या जिव्हर्नीत क्लोद मोने घराशेजारच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी रंगवायला बसला होता. १८९०-९१च्या हंगामात त्यानं या गंजींची पंचवीसच्या आसपास चित्रं केली. बर्फातली गंज, मावळतीची गंज, धुक्यातली गंज. विषय हलत नाही, वेळ हलते. चित्रसूत्रातल्या सूचनेप्रमाणे माणसं आणि जनावरं आणून ऋतू दाखवायचाही त्याला मोह होत नाही. तो सगळा भार उजेडावर टाकतो. यातलं एक चित्र १८९६च्या सुमाराला मॉस्कोच्या प्रदर्शनात वासिली कांदिन्स्कीनं बघितलं. ती गंज आहे हे त्याला ओळखू येईना, शेवटी यादी बघावी लागली. तरीही चित्र मनात घर करून बसलं. वस्तू ओळखता आली नाही तरी भाव पोहोचतो, हे त्याला तिथं कळलं आणि पुढे तो अमूर्त चित्रकलेच्या पहिल्या माणसांपैकी एक झाला.

आपल्या मराठी मुलखातही ही वाट अशीच फुटली. सय्यद हैदर रझा हे मध्य प्रदेशातले, नागपूरला शिकलेले, मग मुंबईच्या जे. जे.त आलेले. चाळीसच्या दशकात त्यांनी मुंबईचे रस्ते, पाऊस, ओली छपरं जलरंगात रंगवली. सुरेख चित्रं आहेत ती, हात मोकळा, रंग पाण्याबरोबर धावणारा. १९४८ साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटला आणि म्हणाला की तुमच्यात प्रतिभा आहे, पण चित्राला बांधणी नाही, सेझानच्या चित्रांचा अभ्यास करा. रझांनी ते मनावर घेतलं, १९५० साली पॅरिस गाठलं. १९५१चं ‘ओ द कान्य’ बघितलं की तो सल्ला किती खोल गेला ते कळतं: घरं एकमेकांना चिकटून, घट्ट रचलेली, वर काळा सूर्य. पावसाळी मुंबईच्या चित्रात भाव वाहत होता, इथे तो आवळून धरला आहे. मला विचाराल तर भाव वाढला आहे. मोकळं सोडल्यानं भाव वाढतो ही समजूत चित्रकलेत फार वेळ टिकत नाही.

पुढे सत्तरच्या दशकात रझा ‘ला तेर’ म्हणजे पृथ्वी या नावाच्या चित्रांकडे आले. लाल, काळा, करपलेला पिवळा. त्यांत झाड नाही, घर नाही. नर्मदेकाठच्या जंगलांतल्या लहानपणच्या रात्री, ते भय, आणि सकाळ झाल्यावरचा दिलासा, हे सगळं ते बोलून दाखवत असत. उन्हाळ्यात नांगरून टाकलेली काळी जमीन ज्यांनी भर दुपारी बघितली आहे त्यांना ही चित्रं परकी वाटणार नाहीत. त्या वेळी काळी माती काळी नसतेच. ढेकळांचा उन्हाकडचा भाग राखाडी-जांभळा होतो, दोन ढेकळांमधली सावली निळी पडते, आणि बांधावरचं वाळलेलं गवत पांढऱ्या रेघेसारखं चमकतं. नजर दहा मिनिटं तिथे ठेवली की शेत विरून जातं आणि रंगांची मांडणी उरते.

अकबर पदमसी यांनी मात्र माझ्या सुरुवातीच्या प्रश्नालाच छेद दिला. १९७० नंतर त्यांनी ‘मेटास्केप’ म्हणून जी चित्रं केली त्यांत डोंगर आहे, पाणी आहे, पण गाव नाही, ऋतू नाही. आभाळात कधी सूर्य आणि चंद्र एकत्र असतात. प्रेरणा म्हणून ते कालिदासाच्या शाकुंतलातल्या नांदीकडे बोट दाखवत. तिथे शिवाच्या आठ रूपांमध्ये काळ घडवणारे सूर्य-चंद्रही येतात. या आभाळाला नक्षत्र विचारून उत्तर मिळणार नाही. काळ मोजणारे दोघेही एकाच वेळी हजर असतील तर काळ कोणता म्हणायचा? आणि तरी ही चित्रं थंड नाहीत. पॅलेट-नाइफनं लावलेले रंगांचे तुकडे एकमेकांना खेटून बसतात, एखादा नारिंगी अचानक पेटतो. इथे भाव आठवणीतून येत नाही, रंगाच्या शेजारातूनच येतो. प्रश्न लागू पडत नाही हेच अशा वेळी उत्तर असतं: हे चित्र कुठल्याही शेताचं नाही, हे जगाच्या सुरुवातीचं आहे.

वासुदेव गायतोंडे तर आपल्या चित्रांत कुणी समुद्र किंवा आभाळ बघितलेलं मान्यच करत नसत. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जे. जे.त घडलेले. रोलरनं रंग पसरायचा, खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. बघणाऱ्याला क्षितिज दिसतंच, त्याला इलाज नाही. आडवी रेघ दिसली की सपाट मुलखातल्या माणसाला जमीन आठवते. गायतोंड्यांच्या मनात ती जमीन नव्हती, पण चित्रात शांतता आहे आणि ती थरांच्या संथ कामातून आली आहे. तेवढं धरून ठेवावं.

आता आपल्या मुलखाकडे. कोल्हापूरला तळी मिळाली, कोकणाला आणि घाटांना तर चित्रकारांची रीघच लागली. पंढरपूरला मकबूल फिदा हुसेन जन्मले, पण त्यांचा ओढा माणसांकडे आणि घोड्यांकडे. मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी खेड्यातली माणसं उभी करतात. काळ्यातून उजेड काढायची त्यांची रीत अफाट आहे, पण तिथंही केंद्र माणूसच. बालाघाटच्या पायथ्याचा हा माळ, ही काळी रानं, नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं वाळक्या रंगाचं गवत, यांना आबालालांसारखा आयुष्य वाहणारा कुणी मिळायला हवा आहे. माळात काही घडत नाही म्हणून तो रंगवायचा कसा, असं म्हणतात. ते खरं नाही. क्षितिज खाली असतं, म्हणून चित्राचा तीन-चतुर्थांश भाग आभाळाला मिळतो. ही अडचण नव्हे, संधी आहे. हॉलंडच्या सपाट मुलखातल्या चित्रकारांनी सतराव्या शतकात याच संधीचं सोनं केलं.

आपली नॅरो गेजही अशीच रंगांविना गेली याची मला खरी हळहळ आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ला कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली, अडीच फुटी रुळांवर, एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या कल्पकतेतून. १९११ साली ती लातूरला पोहोचली. येडशी-रामलिंगच्या बाजूला बालाघाट चढताना तिची जी दमछाक व्हायची ती आजही वयस्क माणसं रंगवून सांगतात. तिच्या जागी आता ब्रॉडगेज आहे. तिचे फोटो पुष्कळ निघाले. पण फोटोत येते ती गाडी. चित्रकार टर्नरनं १८४४ साली ‘पाऊस, वाफ आणि वेग’मध्ये थेम्सवरच्या पुलावरून येणारी गाडी काढली तेव्हा त्यानं गाडी जवळजवळ पुसून टाकली आणि पाऊस, धूर, उजेड यांचा एकच पदर केला. गाडीपुढे जीव घेऊन पळणारा एक ससा काढला. तो आता मुश्किलीनं दिसतो. नव्या यंत्राची भूल आणि त्याचं भय एकाच चित्रात. माळावरून धूर सोडत जाणाऱ्या आपल्या गाडीत हे सगळं होतं: सुगीचं धान्य होतं, पंढरीचे वारकरी होते, दुष्काळात गाव सोडणारी माणसंही होती.

शाळांमधल्या कलाशिक्षकांना म्हणून एक विनंती करावीशी वाटते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी आपली मुलं निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि नारळाचं झाड काढतात. बार्शीच्या पोरानं नारळाचं झाड का काढावं? त्याला घराजवळचा एकच बांध द्या, त्यावरची एकच बाभळ द्या, आणि तेवढंच चार वेळा काढायला सांगा. एकदा मृगात, रान तयार असताना. एकदा हस्तात, शाळूची पेरणी चालू असताना. एकदा हुरड्याच्या दिवसांत, सकाळी नऊच्या आत. एकदा वैशाखात, कडब्याची गंज रचून झाल्यावर. क्षितिजाची रेघ चारही वेळा त्याच उंचीवर ठेवायची. आणि कागदाच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून सुटला होता ते लिहायचं.